सहावी गिटार

अण्णासोंनी गिटार बाकावर ठेवली आणि बाक कुरकुरलं. झालं एवढंच, पण शमशुद्दीनच्या हातातली कानस थांबली. वरून खालपर्यंत चंदेरी ऑइलपेंट फासलेली, सिनेमातल्या नाचात पोरापोरींच्या गळ्यात अडकवतात तसली ती सोंगाची गिटार दिसत होती. असली सोंगं प्लायवुडची असतात. ठेवली की टप् असा पोकळ आवाज करतात. ही मात्र जेवून आलेल्या पाहुण्यासारखी बसली. शमशुद्दीनचं सगळं आयुष्य लाकडाचे आवाज ऐकण्यात गेलेलं. पापाच्या तिकटीमागच्या बोळात, चपलांच्या कातड्याच्या वासात, त्याचं तंबोरे आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत आणलेल्या वस्तूचं दुखणं त्याला कळायचं. आज त्याला काहीतरी कळलं, आणि ते कळायला नको होतं असंही लगेच वाटलं. मांडीवरच्या तंबोऱ्याची घोडी, तारा ज्यावर टेकतात ते हाड, त्यानं पुन्हा घासायला घेतली. उगाचच, कारण ती घासून झाली होती.

“काय वो मिस्त्री, काय म्हंतीया ही?” अण्णासोंनी विचारलं. ते इचलकरंजीचे. नाटकवाल्यांना आणि गणपती मंडळांना सामान भाड्यानं द्यायचे. कपाळाला भस्माचे पट्टे आणि आवाज असा की बोळातल्या चारही दुकानांना फुकट ऐकू जावा. “तुमच्या हितल्या ष्टुडिओचं सामानघर मोकळं केलं बगा. सिंव्हासनं, तलवारी, पुठ्ठ्याचं खांब, समदं मीच उचललं. त्यात ह्या गिटारी. सहा हुत्या, एकसारख्या. पाच कशा, वाऱ्यावर उडत्यात. ही सहावी उचलाय गेलो आणि मनगाट लचाकलं की! म्हटलं ही कोण बया?”

मुंबईत एक गृहस्थ जुन्या विलायती गिटारी जमवतात, त्यांना अण्णासोंनी फोटो पाठवला होता. ते म्हणाले, खरी असली तर अमेरिकेची आहे, पंचवीस वर्षांमागची, पण जाणत्या माणसाचं पत्र हवं. “आता कोल्हापुरात जाणतं माणूस म्हंजे तुमीच,” असं म्हणून अण्णासो पुढं वाकले आणि त्यांनी गिटारीच्या मानेच्या टोकावर बोट ठेवलं. तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती करंगळीएवढी पट्टी तिथं होती, रंगाखाली बुजलेली. “ही तेवढी मूळची न्हाय म्हंत्यात ते. जाडजूड दिसतीया. तेवढी बदलून टाका आणि समदी अस्सल हाय म्हणून लिवा दोन वळी. कुणाला कळतंय?”

शमशुद्दीनची नजर त्या पट्टीवर गेली आणि तिथून निघून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन बसली. “मंगळवारपतोर ठेवा,” तो म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच नवल वाटावं असं बोलला, “तुमी परत येऊ नका. मीच घेऊन येतो इचलकरंजीला.”

अण्णासो गेले. तो शब्द मात्र दुकानात राहिला. इचलकरंजी. कोल्हापुरातून तासा-दीड तासाचा रस्ता, दिवसातून वीस गाड्या, आणि सोळा वर्षांत शमशुद्दीन त्या गावाला गेला नव्हता. घरात ते नावही कोणी घेत नसे. बायकोला, नजीराला, सांगायचंच झालं तर ती ‘तिकडं’ म्हणायची, आणि तिकडं म्हणजे कुठं हे दोघांनाही माहीत असायचं. तिकडं बादशहा राहत होता. शमशुद्दीनचा धाकटा भाऊ. कुठल्याशा शेडमध्ये माग चालवत होता. अम्माच्या मयतीला आला, तीन मुठी माती दिली, आणि कोणाच्या घराचं पाणीसुद्धा न पिता मोटारस्टँडकडे चालत गेला. ती त्याची शेवटची पाठमोरी आकृती. शमशुद्दीनला ती इतकी पाठ होती की आता भावाचा चेहरा आठवायचा तर आधी ती पाठ वळवावी लागायची.

दुपारी बोळात सामसूम झाली की त्याला बसल्या बसल्या डुलकी लागे. त्या दिवशीही लागली, पण ती नेहमीची नव्हती. डोळे मिटले तरी बाकावरचा चंदेरी रंग पापण्यांच्या आत पसरत होता, आणि त्या रंगाला सोळा वर्षांपूर्वीचा वास होता. टर्पेंटाइनचा. त्या वासातून बादशहा आला, बावीस वर्षांचा, तेल लावून मागं वळवलेल्या केसांचा, गळ्यात तांबडीभडक गिटार. बाळासोंच्या ऑर्केस्ट्रात तो वाजवायचा. बाळासो हौशी माणूस. कुठल्या तरी गोवेकर वादकानं बोटं अधू झाली म्हणून सोडलेली ती गिटार त्यांनी मुंबईहून आणली आणि थेट बादशहाच्या हातात दिली. विजेवर वाजणारी गिटार तेव्हा कोल्हापुरात कुणी पाहिली होती? लग्नाच्या मांडवात लोक नवरा-नवरी सोडून बादशहाच्या बोटांकडे बघत बसायचे. घरी आला की तो पोटाशी धरून वीज नसतानाही ती वाजवायचा, आणि अम्मा म्हणायची, “किती बारीक बोलती रे ही! आजारी हाय काय?”

आणि एक दिवस ती वरची पट्टी फुटली. मूळची पट्टी कसल्याशा ओतीव मसाल्याची होती, चिमणीच्या अंड्यासारखी ठिसूळ, तिचा टवका उडाला. बादशहा धावत दुकानात आला. “भाई, उद्या सांगलीत कार्यक्रम हाय.” शमशुद्दीनला तेव्हा गिटारीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते कबूल करील तर तो शमशुद्दीन कसला. मिरजेला मामाच्या हाताखाली सतार आणि तंबोरा शिकलेला माणूस तो. तार म्हणजे तार. त्यानं उंटाच्या हाडाचा तुकडा काढला, तीन तास बसून कातला, घासला, आणि मामानं शिकवलं तसा त्याला वरून बारीक उतार दिला. तंबोऱ्याच्या घोडीला असा उतार असतो. तार त्यावर नुसती टेकत नाही, अंग घासून निघते, आणि मग तिच्यातून तो झंकार येतो, ज्याला जवारी म्हणतात. उतार जमला की नाही ते बघायला तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा, मागं-पुढं करायचा, आणि एका जागी आवाज फुलासारखा उघडला की म्हणायचं, लागला. हे सगळं त्यानं अमेरिकेच्या गिटारीवर केलं. मनापासून केलं. तिथं ते करायचं नसतं हे जगातल्या कुठल्याही गिटारवाल्यानं सांगितलं असतं, पण पापाच्या तिकटीला तेव्हा गिटारवाला कुठला?

बादशहानं तार छेडली. मोकळी तार, बोट न दाबता. आणि विजेच्या त्या खोक्यातून झुंऽऽऽ करत चक्क तंबोरा बोलला. बादशहा आधी घाबरला, मग हसायला लागला, हसता हसता खाली बसला. बोट दाबून वाजवलं की आवाज स्वच्छ, साहेबी. तार मोकळी सोडली की मिरजेचा. शमशुद्दीनचे कान तापले. “दे हिकडं, बदलतो,” तो म्हणाला. बादशहानं गिटार छातीशी धरली. “हात लावू नगंस भाई. अशी गिटार मुंबईत बी कुणाकडं नसंल.” त्यानं ती पट्टी कधीच बदलू दिली नाही. मोकळ्या तारा कुठं सोडायच्या आणि कुठं दाबायच्या हे त्यानं शोधून काढलं, आणि मग लोक म्हणायला लागले, बाळासोंच्या गिटारीत कुणीतरी गुणगुणतंय. शमशुद्दीन मांडवाच्या कडेला उभा राहून ते ऐकायचा. आपली चूक गावभर टाळ्या घेताना ऐकणं हे सुख होतं. पण ते सुख त्याला धड घेता येत नव्हतं. टाळ्या दुसऱ्याला पडत होत्या.

नजीरा भाकरी घेऊन आली तेव्हा तो जागाच होता, फक्त डोळे मिटलेले. तिनं बाकाकडे पाहिलं, डबा ठेवला, आणि जायला निघता निघता थांबली. “हा रंग...” ती म्हणाली. दोघांनाही एकच सदरा आठवला होता.

तो सदरा त्यानं घातला होता सदुसष्ट साली, बाळासोंबरोबर स्टुडिओत गेला होता त्या दिवशी. एका सिनेमात नाचाचं गाणं होतं आणि हिरोच्या हातात खरी गिटार हवी होती. बादशहानं आदल्या संध्याकाळी आपली गिटार नेऊन सामानघरात खुंटीला अडकवली, कारण सकाळी लवकर बोलावलं होतं. सकाळी गेला तर गिटार नाही. दिग्दर्शक पिसाळलेला, त्यात पैसेवाला रुसून बसलेला, गाणंच रद्द झालं, पुढं सिनेमाही बंद पडला. बाळासो आणि शमशुद्दीन दोघं शोधायला गेले. सामानघर उंच, अंधारं, कौलातून उन्हाच्या काठ्या उतरलेल्या. भिंतीवर नाचणाऱ्यांच्या चंदेरी गिटारी ओळीनं टांगलेल्या, रंग अजून ओला. सगळीकडे टर्पेंटाइनचा घमघमाट. त्यांनी पेट्या उघडल्या, पडदे हलवले, सिंहासनांच्या मागं वाकून पाहिलं. दोघंही तांबडी गिटार शोधत होते. शमशुद्दीन त्या ओळीला खेटून गेला, आणि घरी आल्यावर नजीरानं दाखवलं की सदऱ्याच्या बाहीला चंदेरी फराटा लागलाय. तिनं तो रॉकेलनं घासला, रिठ्यानं घासला, गेला नाही. मग तो सदरा दुकानात पॉलिशच्या फडक्याला गेला आणि फाटून फाटून कधीतरी संपला.

ओळीत किती गिटारी होत्या? त्या दिवशी कोणी मोजल्या नाहीत. आज, भाकरीचा तुकडा हातात धरून, शमशुद्दीन त्या मोजत होता. स्वप्नात पायऱ्या मोजाव्यात तशा त्या सरकत होत्या, पाच व्हायच्या, सहा व्हायच्या. रंगाऱ्याला सांगितलं असणार, गिटारींना चंदेरी मारा. भिंतीवर होत्या तेवढ्यांना त्यानं मारला. बस. इतकं साधं. आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारून त्याचं गाव सांगणारा शमशुद्दीन मिस्त्री त्या गिटारीला कोपर घासून पुढं गेला होता. तिला त्यानं स्वतःच्या हातानं कातलेलं हाड बसवलेलं होतं. डोळ्यांपुढे चार बोटांवर होतं ते. पण आपण शोधतोय ते तांबडंच असणार असं एकदा मनानं घेतलं, की डोळे नुसते नोकरासारखे वागतात.

तरीही तेव्हा सगळं निभावलं असतं. हेच तर त्याला सोळा वर्षं खात होतं. बाळासो भला माणूस. संध्याकाळी ते दुकानात येऊन बसले, टोपी गुडघ्यावर काढून ठेवली. बादशहा दाराशी उभा होता, रडून डोळे सुजलेले. गावात कुजबूज सुरू झाली होती की पोरानं गिटार मिरजेत विकली, मुंबईला जायची तयारी केली. बाळासो म्हणाले, “शमशुद्दीन, मी पोलिसात जात न्हाय. गिटार गेली तर गेली. तू थोरला हाईस. तुजा ह्याच्यावर इश्वास हाय का, एवढंच सांग. तू व्हय म्हण, मी आत्ता उठतो, इषय संपला.”

व्हय. एवढंच म्हणायचं होतं. शमशुद्दीननं कानस हातात घेतली, तिची धार अंगठ्यानं पाहिली, आणि म्हणाला, “मुंबईला जायचं म्हणत हुता तो. ते खरं हाय.”

ते खरंच होतं. खोटं तो एक अक्षर बोलला नव्हता. पुढं कित्येक वर्षं त्यानं स्वतःला हेच सांगितलं, आणि सांगताना आतून कुणीतरी तोंड फिरवून बसायचं. का बोलला तो तसं? हेवा होता म्हणून. ह्या उत्तरापर्यंत यायला त्याला दहा वर्षं लागली. धाकट्याच्या बोटांचा हेवा, टाळ्यांचा हेवा, आणि त्याहून म्हणजे भीती, की हा एक दिवस खरोखर मुंबईला जाईल आणि आपण ह्या बोळात कातड्याचा वास घेत बसू. बादशहानं त्याच्याकडे पाहिलं होतं. रागानं नव्हे. ओळखीचं माणूस गर्दीत शोधावं आणि भलत्याच कुणाच्या खांद्यावर हात पडावा, तसं. मग तो गेला. मुंबईला नाही. कोणीच गाणं-बजावणं करत नाही अशा ठिकाणी जायचं म्हणून गेल्यासारखा, मागांच्या खडखडाटात.

शुक्रवारी नमाजहून आल्यावर त्यानं पातं घेतलं आणि गिटारीच्या पाठीवरचा रंग नखाएवढा खरवडला. चंदेरीखाली तांबडं. तांबड्या रंगाच्या गिटारी जगात हजार असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. शनिवारी आणखी खरवडलं. पोटाशी जिथं बादशहाच्या पट्ट्याचं बक्कल घासायचं तिथं लाकूड उघडं पडलेलं होतं. बक्कलंही हजार असतात. तो वरच्या पट्टीला हात लावत नव्हता. तिच्याभोवती फिरत होता, पोरं खोल विहिरीच्या काठानं फिरतात तसा. ती पट्टी साधी निघाली तर? तर सगळं आहे तसं राहील. एखादं साधं हाड कातून बसवायचं, दोन ओळी लिहायच्या, अण्णासो खूश, मुंबईचा पाहुणा खूश. आणि ती त्याचीच निघाली तरी हाच रस्ता मोकळा होता की! कानशीचे चार हात मारले की उताराचा मागमूस राहिला नसता. ती एक पट्टी सोडली तर बादशहा खरं बोलला होता ह्याला दुसरा कुठलाच पुरावा जगात नव्हता, आणि ती पट्टी काढून टाका असं गिऱ्हाईकच सांगून गेलं होतं. इतकी सोय देवानं कुणाची केली नसेल. रविवारी दिवसभर त्याला वाटत राहिलं की आपणच भिंतीवर टांगलेले आहोत, रंग ओला आहे, लोक शेजारून जातायत आणि कोणी हात लावत नाही.

“मी सांगू काय?” नजीरा सोमवारी म्हणाली. ती डबा द्यायला आली आणि गेलीच नाही, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. “तार लावा.”

“लावून?”

“ऐकू येईल की. तुमास्नी आणि मला. तवा मी बी गप बसलते. मला ठावं हुतं त्यो चोर न्हाय, पर मला कोण इचारतंय म्हणून गप बसलते. आता लावा तार.”

तिच्या आवाजात इतकं काही साचलेलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एका छताखाली राहून माणसं किती गोष्टी वेगवेगळ्या वाहतात. त्यानं पट्टीवरचा रंग टर्पेंटाइनच्या फडक्यानं भिजवला, पुसला, पुन्हा भिजवला. खालून पिवळसर हाड वर आलं. गिटारीच्या तारा त्याच्याकडे नव्हत्या. तंबोऱ्याची पोलादी तार घेतली, टोकाला मणी अडकवला, खुंटीला गुंडाळली, हळूहळू चढवली. तार कण्हली, ताठ झाली. त्यानं आधी बोट दाबून छेडली. स्वच्छ, बारीक, आजारी आवाज. मग बोट उचललं.

झुंऽऽऽ.

विजेशिवाय तो आवाज कितीसा असणार. भांड्यावर माशी बसावी एवढा. पण तो उठला, लाकडातून मांडीत उतरला, आणि शमशुद्दीनच्या छातीत सोळा वर्षं बसलेलं काहीतरी जागेवरून हललं. नजीरानं पदर तोंडाशी धरला. मिरजेच्या मामाचा हात, बादशहाचं हसून हसून खाली बसणं, अम्मा, कौलातून उतरलेल्या उन्हाच्या काठ्या, सगळं त्या एका मोकळ्या तारेत एकदम होतं, आणि तार शांत झाली तरी ते गेलं नाही. त्यानं पुन्हा छेडली. पुन्हा. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकं येऊन परत गेली.

मग त्यानं कागद घेतला आणि लिहिलं: ‘ही गिटार अस्सल अमेरिकन बनावटीची आहे. फक्त तारांखालची हाडाची पट्टी मूळची नाही. ती मी सन १९६६ साली माझा भाऊ बादशहा याच्यासाठी बसवली. तिला दिलेला उतार ही माझी चूक असून त्यावरूनच मी गिटार ओळखली. सन १९६७ पासून ती स्टुडिओच्या सामानघरातच होती. बादशहानं ती जिथं ठेवली म्हणून सांगितलं होतं तिथंच.’ शेवटच्या वाक्याचं मुंबईच्या पाहुण्याला काय करायचं होतं? पण ते खोडायला त्याचा हात धजला नाही. पट्टी त्यानं बदलली नाही. खाली सही केली आणि बाळासो हयात असते तर, असं उगाच वाटून गेलं.

मंगळवारी गाडीत गिटार मांडीवर आडवी घेऊन तो खिडकीशी बसला. हातकणंगल्याच्या फाट्यापर्यंत त्यानं एक वाक्य तयार केलं. फार नव्हतं. जवळ बसायचं, हातावर हात ठेवायचा, आणि हळू म्हणायचं, की तू खरं बोलला होतास, माझंच चुकलं. हळू म्हणायचं हे महत्त्वाचं होतं. असली वाक्यं हळूच बोलता येतात. उसाच्या शेतांवरून ऊन सरकत होतं, त्याचा डोळा लागत होता, आणि दर वेळी जाग आली की तो ते वाक्य चाचपून बघायचा, खिशातलं पाकीट बघावं तसं.

इचलकरंजीत उतरला आणि पायाखालची जमीनच वाजायला लागली. प्रत्येक बोळातून, प्रत्येक पत्र्याखालून खटाखट, खटाखट. विचारत विचारत तो गावभागातल्या एका शेडपाशी पोचला. दारात चारपाच बायका सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईला बाकीच्या रत्नव्वा म्हणत होत्या. ती त्याला वरपासून खालपर्यंत बघून ओरडली, “बादशाभाई व्हय? आत हाईत. पर लांबनं हाक मारू नगासा, पावणं. ऐकू येत न्हाय त्यास्नी. मागांनी कान खाल्लं. खांद्याला हात लावा.”

शमशुद्दीन आत गेला. हवेत कापसाची भुकटी, दिव्यांच्या उजेडात तरंगणारी, आणि आवाज इतका की आवाज असा राहिलाच नव्हता, नुसता दाब होता. दोन मागांच्या मधे ती पाठ उभी होती. त्याच्या ओळखीची. फक्त केस पांढरे, का कापूस, ते कळेना. त्यानं हात उचलला, आणि तो खांद्यापर्यंत न्यायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बादशहा वळला. त्यानं भावाकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं, चंदेरीतून डोकावणाऱ्या तांबड्याकडे पाहिलं. माग थांबवला, शेजारच्याला खूण केली, आणि गिटार त्याच्या हातून घेऊन बाहेर भिंतीच्या सावलीला येऊन उकिडवा बसला. शमशुद्दीनही बसला. बादशहानं हाडाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग गिटारीच्या खांद्याच्या शिंगासारख्या टोकाला हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि मोकळी तार छेडली. आवाज खटाखटीत कुठल्या कुठं गेला, पण त्याच्या हनुवटीला तो कळला असावा. सदऱ्याला चिकटलेला सुताचा एक धागा त्यानं ओढून काढला, तारेखाली सरकवला, मिरजेच्या मामाकडे दोघं लहानपणी करायचे तसा मागं-पुढं केला, आणि तार छेडून भावाकडे पाहिलं. “लागला का?” त्यानं विचारलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात.

शमशुद्दीननं कान तारेशी नेला. लागला होता. त्यानं मान हलवली. मग खिशातून कागद काढून पुढं केला. बादशहानं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. “चष्मा घरात हाय. तूच सांग काय ते.”

“तू खरं बोललातास,” शमशुद्दीन हळू म्हणाला.

“आं?”

“तू खरं बोललातास.”

बादशहानं कानामागं तळवा धरला. मग काही इलाज राहिला नाही. शमशुद्दीन उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “तू खरं बोललातास बादशा! ती तितंच हुती! बाळासोंनी मला इचारलं आणि मी व्हय म्हटलं न्हाय! माजं चुकलं!” बायकांचे हात कांड्यांवर थांबले. समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली. शमशुद्दीनचा गळा जळजळत होता. बरं वाटत होतं असं नाही. पण बोलून झालं होतं, आणि ते गावानं ऐकलं होतं.

बादशहानं सगळं ऐकलं. गिटार हळूच भावाच्या हातात परत दिली, धागा हलणार नाही अशी.

“हां,” तो म्हणाला. “पर भाई, हे तू गिटार बघून म्हंतोस.”

रागानं नाही. मघाच्याच सपाट आवाजात. आतून कुणीतरी हातानं बोलावलं, माग वाट बघत होता. बादशहा उठला, गुडघ्यावरचा कापूस झटकला. दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून बोलला. ह्या वेळी त्याचा चेहरा समोर होता.

“चारला सुटतो मी. बस हितं.”

तो आत गेला. पुन्हा सगळं खटाखटीत मिसळलं. रत्नव्वानं सुताचा एक रिकामा खोका पायानं त्याच्याकडे सरकवला. शमशुद्दीन त्यावर बसला, गिटार मांडीवर आडवी घेतली. तारेखाली धागा होता, त्यानं तार छेडली नाही. चहाच्या गाड्यावरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. अण्णासोंचं दुकान कुठल्या बाजूला आहे हे विचारायचं राहून गेलं होतं, ते त्यानं तसंच राहू दिलं आणि दाराकडे तोंड करून बसून राहिला.